मला कोणी अडवलं नव्हतं

आमच्या मालिकेतल्या दोन बायका एकमेकींच्या प्रेमात होत्या. मला हे ठाऊक होतं, कारण त्यांना लिहीत मीच होते. तरी मालिका चालू असताना आणि ती संपल्यावरही कित्येक वर्षं मी हे कोणापुढे कबूल केलं नाही. वाहिनीपुढे नाही, दिग्दर्शकापुढे नाही, त्या भूमिका करणाऱ्या दोघी अभिनेत्रींपुढेही नाही. ज्या प्रेक्षकांनी विचारलं त्यांना मी तोंडावर खोटं सांगितलं. आता ते सगळं सरळ लिहायचं ठरवलं आहे. मालिकेचं आणि वाहिनीचं नाव देत नाही, कारण यातला दोष त्यांचा नव्हता.

गोष्ट २०१० ते २०१२ या काळातली. आठवड्यातून सहा दिवस चालणारी, संध्याकाळची घरगुती मालिका. कथा एकाची, पटकथा आणि संवाद माझे, अशी आमच्याकडची नेहमीची वाटणी. मोठं घर, तीन भाऊ, त्यातला थोरला अपघातात गेलेला. त्याची विधवा बायको घर सांभाळते. किल्ल्या तिच्या कमरेला, निर्णय मात्र सगळे सासूचे. या घराच्या माडीवर एक शाळामास्तरीण भाड्याने राहायला येते. मूळ आराखड्यात तिचं लग्न धाकट्या दिराशी व्हायचं होतं. पण थोरली आणि ती यांचा पहिला एकत्र प्रसंग मी लिहिला, भारनियमनाच्या वेळी अंधाऱ्या स्वयंपाकघरात चहा करण्याचा, आणि माझ्या लक्षात आलं की हिला दिराची गरजच नाही. दीर समोर आला की संवाद ओढूनताणून लिहावे लागत. थोरली समोर आली की दोघी गप्प बसल्या तरी प्रसंग चालत असे. मी दिराचा ट्रॅक पुढे ढकलत राहिले.

तेव्हाच कथालेखकाकडे जाऊन मी म्हणायला हवं होतं, की या दोघींमध्ये प्रेम उमलतं आहे, आपण तेच लिहू. मी गेले नाही. न सांगताच लिहिता येईल असं मला वाटलं. पुढच्या सगळ्या चुका यातून निघाल्या.

लपवून लिहिण्याची एक कारागिरी असते आणि मला ती चांगली जमत होती. मालिकांमध्ये प्रेमिकांसाठी राखून ठेवलेल्या काही खुणा असतात. वाट पाहणं, संवाद संपल्यावरही न हललेली नजर, दुसऱ्याचं नाव ऐकून हातातलं काम थांबणं, विशिष्ट पार्श्वसंगीत, आणि या जवळिकीचा कोणा तिसऱ्याला वाटणारा मत्सर. या सगळ्या खुणा अशा दोन व्यक्तींना द्यायच्या, ज्यांना मालिका कधीच प्रेमिक म्हणणार नाही. संवाद मात्र अगदी स्वच्छ ठेवायचे. कोणी फक्त संवाद वाचले तर काही सापडू नये, आणि आवाज बंद करून पाहिलं तर सगळं दिसावं. इंग्रजीत याला क्वीअर कोडिंग म्हणतात. तो शब्द मला पुढे कळला, काम मी आधीच करत होते.

त्यातला वटपौर्णिमेचा भाग मला आजही शब्दन् शब्द आठवतो. दैनंदिन मालिकेला सण चुकवता येत नाही; ज्येष्ठ आला की वडाच्या फेऱ्या आल्याच. घरातल्या साऱ्या सवाष्णी नटूनथटून वडाकडे जातात. थोरली विधवा म्हणून मागे राहते, शिक्षिका अविवाहित म्हणून. रिकाम्या घरात शिक्षिका घरातल्या लहान मुलीच्या शाळेच्या पोशाखाला दुमड घालत बसलेली आहे. दोऱ्याचं रीळ हातातून सुटतं, घरंगळत थोरलीच्या पायाशी जातं. ती ते उचलते आणि दोरा गुंडाळत गुंडाळत शिक्षिकेपर्यंत येते. दोऱ्याचे वेढे शिक्षिकेच्या बोटांवर पडत राहतात. ती हात मागे घेत नाही. बाहेरून बायकांच्या परतण्याचा आवाज येतो, तेव्हा थोरली दाताने दोरा तोडते. साऱ्या प्रसंगात दोनच वाक्यं होती. एक म्हणते, चहा टाकू का. दुसरी म्हणते, थोडी थांब.

वाहिनीच्या क्रिएटिव्ह टीममधल्या मुलीने हा भाग वाचून, छान आहे, थोडा संथ आहे, एवढंच कळवलं. छायाचित्रणकाराने मात्र न सांगता दोऱ्यावर आणि बोटांवर वेळ दिला. पार्श्वसंगीत करणाऱ्याने धाकट्या दिराच्या प्रेमासाठी बांधलेली धून उचलून तिथे वापरली. सेटवर ज्यांना कळायचं होतं त्यांना कळलं होतं. कोणी बोलत नव्हतं, कारण बोलायची पहिली जबाबदारी माझी होती.

ज्या दोघींना हे करायचं होतं त्यांच्याशी मी सर्वांत वाईट वागले. शिक्षिका करणारी मुलगी एकदा मेकअपच्या खोलीत पटकथेची पानं घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, हिचं नेमकं काय चाललंय, सांगाल का? म्हणजे मी तसं करीन." मी म्हणाले, "तुला जसं वाटतं तसं कर, छान होतंय." हॉलिवूडमधल्या बेनहर या १९५९च्या चित्रपटाची एक हकिगत पुढे मी ऐकली. पटकथेवर काम केलेल्या गोर व्हिडालने सांगितलं होतं, की बेनहर आणि मेसाला एकेकाळी प्रेमिक होते अशा कल्पनेने त्याने त्यांच्या भेटीचा प्रसंग बांधला. हे मेसाला करणाऱ्या स्टीफन बॉइडला सांगितलं, पण चार्लटन हेस्टनला सांगायचं नाही असं ठरलं. हेस्टनने ही हकिगत नाकारली. सिनेमावाले ती चातुर्याची गोष्ट म्हणून सांगतात, आणि मीही बरीच वर्षं ती तशीच सांगत होते. आता सांगवत नाही. आमच्या बाबतीत काही दिवसांनी त्या दोघी अभिनेत्रींविषयीच कुजबुज सुरू झाली, आणि थोरली करणाऱ्या मुलीला तिच्या घरून विचारणा झाली. तिला काय उत्तर द्यायचं ते माहीत नव्हतं, कारण आपण काय करतो आहोत हेच तिला कोणी सांगितलं नव्हतं. आधी सांगितलं असतं तर तिने कदाचित नकार दिला असता, कदाचित अधिक धीटपणे काम केलं असतं. ती निवड तिची होती. मी ती तिच्या हातात येऊच दिली नाही.

पत्रं येऊ लागली. मालिकांना तेव्हाही बरीच पत्रं येत, बहुतेक सासूला शिव्या घालणारी. त्यांत मधूनच वेगळ्या अक्षरातलं, वेगळ्या आवाजातलं एखादं पत्र असे. एका गावातल्या बाईने लिहिलं होतं की संध्याकाळी सगळे जेवत असताना ती टीव्हीकडे पाठ करून वाढत असते, पण या दोघींचा प्रसंग आला की वळून बघते, आणि आपण वळलो हे कोणाला कळेल का म्हणून घाबरते. पुढे काय होणार, एवढंच तिने विचारलं होतं. मी ते पत्र जपून ठेवलं. उत्तर दिलं नाही.

त्या पत्रांमुळे मी एक गोष्ट शिकले आणि ती वाईट कामाला वापरली. हे प्रेक्षक कितीही थोड्यावर टिकून राहतात, हे माझ्या ध्यानात आलं. दर आठवड्याला प्रेक्षकसंख्येचे आकडे येत. ते घसरले की मी दोघींचा एखादा प्रसंग टाकत असे. थोरलीच्या केसांत शिक्षिकेने गजरा माळण्याचा प्रसंग असाच आला. विधवेच्या केसांत गजरा, म्हणून बाकीचे प्रेक्षक खवळले किंवा सुखावले. आणि माळणारा हात कोणाचा हे पाहून त्या बाईसारखे प्रेक्षक श्वास रोखून बसले. दोन्हीकडचा फायदा मला हवा होता. आमिष लावायचं आणि गळ मात्र पाण्यात सोडायचाच नाही, असं ते काम होतं. बीबीसीची शेरलॉक ही मालिका याच सुमारास, २०१०मध्ये सुरू झाली. तिच्यात होम्स आणि वॉटसन यांना लोक जोडपं समजतात हा विनोद पुन्हा पुन्हा येतो, आणि दर वेळी तो विनोद म्हणूनच मिटवला जातो. तिच्या कर्त्यांवर पुढे प्रेक्षकांना झुलवल्याचा आरोप झाला. त्यांचा हेतू काय होता त्याचा निवाडा मी करणार नाही. माझा हेतू मला माहीत होता.

मग तो दिवस आला जेव्हा वाहिनीने विचारलं, शिक्षिकेचा ट्रॅक कुठे जातोय. त्या बैठकीत मी एक वाक्य बोलू शकले असते. त्याऐवजी मी थोरलीच्या पुनर्विवाहाचा प्रस्ताव मांडला. शहरातून एक सालस विधुर येतो, सासूचा विरोध, घरात वादळ, आणि शेवटी लग्न. थोरलीला लग्नाला तयार कोण करतं? शिक्षिका. ती स्वतः तिला हळद लावते आणि दुसऱ्या दिवशी बदलीच्या गावी निघून जाते. वाहिनीला हे फार आवडलं. महाराष्ट्रात विधवाविवाहाला नाव ठेवायची कोणाची प्राज्ञा? धोंडो केशव कर्व्यांनी १८९३मध्ये केलेला पुनर्विवाह आपण शाळेत शिकतो. त्या पुण्याईच्या आड मी उभी राहिले. मालिकेचं कौतुक झालं, मला एका समारंभात पुरोगामी लेखिका म्हणून शाल मिळाली आणि मी ती घेतली.

जो सुधारणेचा विषय शंभर वर्षांपूर्वी जोखमीचा होता, त्याच्या आधाराने मी आजच्या जोखमीच्या विषयाचा गळा दाबला. पुनर्विवाह वाईट होता असं मी म्हणत नाही. त्या विशिष्ट बाईचं त्या विशिष्ट पुरुषाशी लग्न खोटं होतं. ती त्याच्यावर प्रेम करत नव्हती हे तिला लिहिणारीला पक्कं माहीत होतं.

त्यानंतर एका महाविद्यालयात मालिका-लेखनावर बोलायला मला बोलावलं होतं. प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. तिने वटपौर्णिमेच्या भागाचं नाव घेतलं आणि विचारलं, "त्या दोघींचं प्रेम होतं ना?" सभागृहात हसू फुटलं. मी ते थांबवायला हवं होतं. मी म्हणाले, "अगं, मैत्रीला मैत्री राहू द्या की. प्रत्येक गोष्टीत तेच कशाला शोधायचं?" टाळ्या पडल्या. ती खाली बसली. तिने जे पाहिलं ते मी प्रसंग रचून, पान खर्चून तिला दाखवलेलं होतं, आणि चारचौघांत मी तिला सांगितलं की तुझ्या डोळ्यांत दोष आहे.

मैत्रीचा मुद्दा पोकळ नाही, म्हणून त्यावर थोडं थांबते. दोन बायकांची किंवा दोन पुरुषांची गाढ मैत्री आपल्याकडे मुबलक लिहिली गेली आहे आणि ती लिहिली जावी. प्रत्येक जवळिकीला प्रेम म्हणायची सक्ती कोणी करत नाही. पण लेखकाने मैत्री लिहिलेली असेल तर त्याने ती मैत्री म्हणून सांभाळावी. तिथे प्रेमाची धून वाजवू नये आणि मत्सराने जळणारा दीर दाराआड उभा करू नये. मी प्रेमाची सगळी सामग्री वापरली आणि पकडले गेल्यावर मैत्रीचं नाव पुढे केलं. यात मैत्रीचाही अपमान होता.

आता सबबींविषयी. माझी आवडती सबब अशी होती, की आम्ही बंधनात लिहितो. लपवून लिहिलं ते तरी कमी का? ही सबब भक्कम व्हावी म्हणून मी जगातल्या मालिकांचा इतिहास वाचू लागले, आणि त्या वाचनाने माझीच सबब मोडून काढली. अमेरिकेत चित्रपटांवर १९३४पासून हेज संहिता कडकपणे लागू होती. समलिंगी प्रेमाचा नुसता सूचक उल्लेखही तिला चालत नव्हता. ती १९६८मध्ये गेली. टेलिव्हिजनसाठी प्रसारकांची स्वतंत्र संहिता १९५२पासून १९८३पर्यंत होती. व्हीटो रूसोने १९८१च्या द सेल्युलॉइड क्लोजेट या पुस्तकात या लपवाछपवीचा इतिहास मांडला. लपवूनच लिहावं लागत असताना लोकांनी काय काय युक्त्या केल्या ते वाचून जीव भरून येतो. आणि संहिता सैल झाल्यावरही धाक गेला नाही. कॅग्नी अँड लेसी या दोन महिला पोलिसांच्या मालिकेत १९८२मध्ये एक अभिनेत्री, मेग फॉस्टर, बदलली गेली. त्या दोघी प्रेक्षकांना लेस्बियन वाटतील ही वाहिनीतली भीती तेव्हा छापूनही आली होती. झीना: वॉरियर प्रिन्सेस १९९५ ते २००१ चालली. झीना आणि गॅब्रिएल यांच्या नात्याला नाव न देता तिच्या लेखकांनी सहा पर्वं काढली, आणि ते प्रेमच होतं असं झीना करणाऱ्या लूसी लॉलेसने शेवटचा भाग झाल्यावर सांगितलं. चीनमध्ये तर २०१६पासून मालिकांच्या नियमावलीत समलिंगी संबंध दाखवायला उघड मनाई आहे. द अनटेम्ड ही २०१९ची मालिका ज्या कादंबरीवरून केली, तिच्यात दोन नायकांचं प्रेम स्पष्ट आहे. मालिकेत ते नजरेत, बासरीच्या सुरात आणि एकमेकांसाठी केलेल्या प्रतीक्षेत ठेवावं लागलं. पुढे अशा रूपांतरांचाही मार्ग बंद झाला. त्या लेखकांपुढे खरोखर भिंत होती.

माझ्यापुढे काय होतं? मालिकांना चित्रपटांसारखं सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही. कायदा म्हणावा, तर २ जुलै २००९ रोजीच दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची धार बोथट केली होती, म्हणजे मी लिहीत होते तो काळ त्यातल्या त्यात मोकळा होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला ११ डिसेंबर २०१३ला. आमची मालिका तोवर संपलेली होती. तरी त्यानंतर कोणी विचारलं की मी बेधडक सांगत असे, "काय करणार, तेव्हा कायदाच तसा होता." कोणी तारखा तपासल्या नाहीत. रस्त्यावरची भीती खरी होती हे मान्य. १९९८मध्ये दोन बायकांच्या प्रेमावरच्या फायर चित्रपटावरून मुंबईतल्या चित्रपटगृहांची मोडतोड आम्ही पाहिली होती. पण वाहिनीने त्या भीतीने नकार दिला असता तर तो वाहिनीचा नकार झाला असता. मी तो मागायलाही गेले नाही.

हे मला नेमकं कळलं ते एका कार्टून मालिकेमुळे. निकलोडियनच्या द लेजंड ऑफ कोरा या मालिकेचा शेवटचा भाग १९ डिसेंबर २०१४ला आला. शेवटच्या दृश्यात कोरा आणि असामी हातात हात घेऊन प्रकाशात शिरतात. प्रेक्षकांत वाद पेटला, की हे प्रेम की मैत्री? तीनच दिवसांनी तिच्या दोघाही निर्मात्यांनी जाहीर लिहिलं की हो, त्या एकमेकींवर प्रेम करतात. त्यांतल्या ब्रायन कोनिएत्झकोने एक कबुली दिली होती. हे दाखवता येणारच नाही असं आपण बराच काळ धरून चाललो होतो. मग लक्षात आलं की तसं आपल्याला स्पष्टपणे कोणी सांगितलेलंच नाही, ते आपणच गृहीत धरलं. ते वाहिनीकडे गेले. वाहिनीने साथ दिली आणि मर्यादाही घातली, आणि त्या मर्यादेत त्यांनी शेवट लिहिला. मी ते वाचलं आणि त्या रात्री झोपू शकले नाही. लहान मुलांच्या मालिकेच्या लेखकांनी जो प्रश्न विचारून पाहिला, तो मी मोठ्यांच्या मालिकेत विचारला नव्हता.

इतकं कळल्यावर मी सुधारले असं लिहायला आवडलं असतं. प्रत्यक्षात याहून मोठी चूक त्यानंतर झाली.

त्याआधी एक जुनी गोष्ट सांगायला हवी. थोरली-शिक्षिकेच्या मालिकेपूर्वी मी एका विनोदी मालिकेत एक पुरुष पात्र लिहिलं होतं. ब्यूटी पार्लर चालवणारा, हात वाकवून बोलणारा, प्रत्येक वाक्याला 'अय्या' म्हणणारा. त्याचं काम एकच, आला की लोकांनी हसायचं. ते पात्र करणारा नट जीव ओतून काम करणारा होता. त्याने एकदा विचारलं, "याच्या घरी कोण असतं?" मला उत्तर देता आलं नाही. त्याला घर असेल असा विचार मी केलाच नव्हता. म्हणजे ज्या खुणा दोन बायकांच्या बाबतीत मी कोमल हाताने लपवल्या, त्याच प्रकारच्या खुणा एका पुरुषाच्या अंगावर मी हसण्यासाठी टांगल्या होत्या. पात्र समलिंगी आहे असं तिथेही एकदाही म्हटलेलं नव्हतं. लोकांनी ते ओळखावं आणि हसावं, एवढीच व्यवस्था होती.

खुणा वाचायची ही सवय पडद्यापुरती राहिली नाही. कोराच्या प्रकरणानंतर मी नव्या उत्साहात होते. नव्या मालिकेच्या बैठकीत मी मांडलं, की या वेळी एक समलिंगी पात्र उघडपणे आणू. आमच्यात एक तरुण सहायक होता, शांत, नीटनेटका, कमी बोलणारा. त्याने कधी कोणाला स्वतःविषयी काही सांगितलेलं नव्हतं. मी सगळ्यांसमोर त्याच्याकडे वळून म्हणाले, "तू सांग ना, तुला यातलं बरोबर कळेल." माझ्या मनात आपुलकी होती. खोलीत एकदम शांतता पसरली. काही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. तो म्हणाला, "मला काही कल्पना नाही, ताई," आणि वहीत बघत राहिला. काही दिवसांत त्याने काम सोडलं.

पात्राच्या खुणा लेखक ठेवतो, म्हणून त्या वाचायचा अधिकार प्रेक्षकाला असतो. चालत्याबोलत्या माणसाने काय सांगायचं, कोणाला सांगायचं आणि कधी, हे त्याचं त्याने ठरवायचं असतं. तो समलिंगी आहे की नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजही माहीत नाही. मी अंदाज केला आणि तो त्याच्या पोटापाण्याच्या जागी मोठ्याने उच्चारला. बऱ्याच उशिरा फोन करून मी त्याची माफी मागितली. त्याने ऐकून घेतलं आणि मग आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलू लागला. क्षमा केली असं तो म्हणाला नाही. त्याने म्हणावं अशी अपेक्षा मी ठेवू नये.

चुका कबूल करणारे याच धंद्यात आहेत. द १०० या अमेरिकी मालिकेत मार्च २०१६मध्ये लेक्सा या समलिंगी नायिकेला मारलं, तेही तिचं प्रेम फळाला येताच लगेच. असं पात्र सुखी झालं की त्याचा बळी द्यायचा, ही तिथली जुनी खोड. प्रेक्षक इतके दुखावले की मालिकेच्या प्रमुखाने त्याच महिन्यात जाहीर माफी मागितली. मी माझ्या थोरलीला मारलं नाही, तिला मंगळसूत्र घातलं. म्हणून कोणी रागावलं नाही आणि माझ्यावर माफी मागायची वेळ आली नाही. मला तर ते पाप आणखी सोयीचं पडलं.

मराठी प्रेक्षक तयार नव्हता, असं मी अनेकदा म्हटलं आहे. तेही खरं नाही. विजय तेंडुलकरांचं मित्राची गोष्ट १९८१मध्ये रंगमंचावर आलं, रोहिणी हट्टंगडी यांनी मित्रा उभी केली, आणि तिचं एका मुलीवर प्रेम आहे हे त्यात झाकलेलं नव्हतं. सचिन कुंडलकरांची कोबाल्ट ब्ल्यू ही कादंबरी माझ्या मालिकेच्या आधी, २००६मध्ये मराठीतच छापली गेली. बिंदुमाधव खिरे पुण्यातून या विषयावर मराठीत सातत्याने लिहीत होते. मी हे सगळं वाचलेलं होतं. आणि २०२५मध्ये रोहन कानवडेंच्या साबर बोंडं या चित्रपटाला सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी गेलेला मुंबईचा तरुण आणि त्याचा बालमित्र, यांची ती गोष्ट आहे. सुतकातल्या घरातले सगळे नियम त्यात आहेत, नातेवाईक आहेत, लग्नाचा तगादा आहे, आणि त्या सगळ्याच्या मध्ये दोन पुरुषांचं प्रेम प्रेम म्हणून उभं आहे. तो पाहताना मला माझी माडी आणि माझा वडाचा दिवस दिसत होता. तेवढ्याच ओळखीच्या घरात हे सगळं सरळ सांगता येत होतं.

सूचकता वाईट नाही. नजरेने सांगितलेलं अनेकदा शब्दांहून अधिक पुरतं, आणि वटपौर्णिमेचा तो भाग मी आजही तसाच, दोन वाक्यांत लिहीन. पण पुढच्या भागात त्या दोघी त्या दोऱ्याविषयी एकमेकींशी बोलतील.

मालिका लिहायला नव्याने बसलेल्यांना माझी विनंती आहे. तुमच्या दोन पात्रांमध्ये प्रेम आहे हे तुम्हाला दिसलं, तर पुढच्या बैठकीत ते त्याच शब्दांत मोठ्याने बोला. नकार आला तर तो कोणी दिला आणि काय कारण सांगून दिला, ते लिहून ठेवा. तडजोड करावी लागली तर ती तडजोड आहे हे नटांना आधी सांगा, आणि त्यांना नाही म्हणायची मोकळीक द्या. प्रेक्षकाने विचारलं, तर त्याला वेड्यात काढू नका.

आणि त्या महाविद्यालयात मागच्या रांगेत उभ्या राहिलेल्या मुलीच्या हातात हा लेख पडला, तर तिच्यासाठी इतकंच. तुझा प्रश्न बरोबर होता. माझं उत्तर खोटं होतं.